बेट आपल्याच वजनाने खाली जातं म्हणतात, मग आपल्या सोलापूरचा पाषाण किती दबला असेल?

बोअरगाडी_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोडला राहतो. बोअर मारायच्या गाडीवर एकोणीस वर्षं काढली, आता स्वतःची गाडी आहे. शिक्षण दहावीपर्यंत. प्रश्न मनापासून विचारतोय, माहीतगारांनी वेळ काढून सांगावं.

मागच्या आठवड्यात मोहोळच्या बाजूला एका शेतात बोअर घेतला. वर तीन फूट काळी माती, खाली मुरूम, चाळीस फुटांवर केसिंग बसलं आणि तिथून पुढं नुसता पाषाण. वीस फुटांचा एक रॉड, असे बत्तीस रॉड उतरवले, म्हणजे ६४० फूट. पाणी लागलं ते ३१० ला, दीड इंच. बाकी सगळा कोरडा चुरा. गाडी चालू असली की मी चुऱ्याच्या रंगाकडे बघत उभा असतो, ती सवयच लागलीय. करडा, करडा, काळा, परत करडा, आणि मग एकदम कुंकवासारखा तांबडा धुरळा. दोन-तीन फूट तांबडा, की परत काळा. असा पट्टा त्या एका बोअरला तीनदा आला. मधे एका जागी पांढऱ्या खड्यांचा मांजऱ्या दगड लागला.

शेतकऱ्याचा पोरगा बारावी सायन्सला आहे, तो शेजारी उभा होता. म्हणाला, काका, तांबडा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधली जुनी माती. एक थर आला, निवला, त्यावर माती तयार झाली, मग वरून दुसरा थर आला. एवढं मला थोडंफार ठाऊक होतं. पण पुढं तो जे बोलला ते डोक्यातून जाईना. हवाई नावाचं बेट आहे, तेही असंच लाव्ह्याचं, आणि ते इतकं जड आहे की त्याच्या खालची जमीन वाकून खोल गेलीय. बेट अजून खाली चाललंय म्हणे.

माझा सगळा अनुभव उलटा आहे. पाषाण वाकत नाही, फुटतो. बिटाचे दात झिजतात, हॅमर मोडतो, पण पाषाण वाकलेला मी एकदाही बघितला नाही. मग इतक्या जाडीची जमीन वाकते कशी? आणि खाली जाते म्हणजे जाते कशात? खाली लाव्हा भरलेला आहे का, आणि आपण त्यावर तरंगतोय का? आणि तसं असेल तर आपल्या इकडं एवढे थर येऊन पडले, त्यांच्या वजनानं सोलापूरची जमीन खाली गेली का नाही?

अजून एक. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाचवीत होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. आमच्या गल्लीतली सगळी माणसं रस्त्यावर, आईनं धाकट्याला गोधडीसकट उचललेलं. फडताळातली भांडी पडल्याचा आवाज अजून कानात आहे. तो भूकंप या वजनामुळं झाला का, हे मला फार दिवसांपासून विचारायचं होतं.


निशिगंधा_पुणे

बेटं बुडतायत ती समुद्राची पातळी वाढतेय म्हणून. बर्फ वितळतोय, पाणी वर येतंय. जमीन खाली जाते हे मी तरी पहिल्यांदाच ऐकतेय.


भूशास्त्राच्या_बाई

दादा, चुऱ्याच्या रंगाकडे बघत उभे राहता हे वाचून फार बरं वाटलं. मी सोलापुरात एकतीस वर्षं भूशास्त्र शिकवलं. सहलीला गेलेली मुलं दगड हातात घ्यायलासुद्धा कंटाळायची. तुम्ही ६४० फूट खडक रंगानं वाचलात. लांबलचक लिहिणार आहे, सवडीनं वाचा.

आधी तुमचा मुख्य मुद्दा. पाषाण वाकत नाही, फुटतो, हे हॅमरच्या वेळेपुरतं खरं आहे. रस्त्याच्या कामाला डांबराचे पिंप येतात ना, त्यातलं डांबर डिसेंबरच्या पहाटे हातोडीनं फोडा, काचेसारखे तुकडे उडतात. त्याच पिंपावर एक धोंडा ठेवा आणि आपल्याकडच्या मे महिन्यात चार दिवस तसाच राहू द्या. धोंडा निम्मा आत गेलेला असतो, आणि डांबर कुठं फुटलेलं नसतं. होटगी रोडला काम चाललं होतं तेव्हा मी असा एक धोंडा वर्गात पिंपासकट नेता येईल का म्हणून मुकादमाला विचारलं होतं, इतका तो मला आवडला होता. घाई केली तर डांबर फुटतं, वेळ आणि ऊब दिली तर वाहतं. पृथ्वीच्या आतल्या दगडाचं असंच आहे, फक्त त्याची वेळ हजारो वर्षांची.

आता खाली काय आहे ते. लाव्ह्याचा समुद्र नाही, हे आधी मनातून काढून टाका. भूकवचाच्या खाली प्रावरण आहे आणि ते घन दगडाचं आहे. याचा पुरावा भूकंपाच्या लहरींचा. आडव्या हिसक्यानं पुढे जाणाऱ्या ज्या लहरी असतात त्या द्रवातून जाऊच शकत नाहीत, पण प्रावरणातून त्या व्यवस्थित पार होतात. तेव्हा खाली दगडच आहे, पण तापलेला, मे महिन्यातल्या डांबरासारखा सावकाश सरकणारा. उत्तरेकडे स्वीडन-फिनलंडच्या मधल्या आखातात हिमयुगात दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ बसला होता. तो वितळून हजारो वर्षं झाली, तरी तिथली जमीन अजून वर्षाला जवळजवळ एक सेंटीमीटर वर येतेय. ओझं उतरलं, पण खालचा दगड आपल्या जागी परत यायला वेळ घेतोय.

आणि या सरकणाऱ्या दगडावर जो थंड, ताठ थर आहे तो पत्र्यासारखा आहे. हवाईच्या खालचा समुद्रतळ सुमारे नऊ कोटी वर्षं जुना, म्हणजे चांगला निवलेला. त्यातला साधारण तीस किलोमीटर जाडीचा भाग पत्र्यासारखा ताठ वागतो. तीस किलोमीटर जाड आणि हजारो किलोमीटर लांब-रुंद. हे प्रमाण डोळ्यांपुढे आणा, मग वाकण्याचं आश्चर्य कमी होईल.

आता हवाई. तिथला मौना केआ हा ज्वालामुखी समुद्राच्या वर ४,२०७ मीटर दिसतो. समुद्रतळापासून मोजला तर दहा हजार मीटरच्या वर जातो, एव्हरेस्टपेक्षा उंच. पण समुद्रतळ म्हणजे त्याचा पाया नव्हे. शेजारचा मौना लोआ घ्या. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षणाचा हिशेब असा, की पाण्यावर चार किलोमीटर, पाण्याखाली पाच, आणि त्याच्या वजनानं तळ जो दबला आहे ते आणखी सुमारे आठ. असा एकूण सतरा किलोमीटरचा डोंगर. पाण्यावर जेवढा दिसतो त्याच्या दुप्पट आपल्याच खड्ड्यात उतरलेला आहे.

पत्रा वाकला की खड्डा फक्त डोंगराच्या खाली पडत नाही, आजूबाजूचा तळही ओढला जातो. म्हणून हवाईभोवती समुद्रात एक खोल पट्टा आहे. शास्त्रज्ञ त्याला खंदकच म्हणतात. आपल्या भुईकोटाचा खंदक माणसांनी खणला, इथं डोंगरानं आपल्या भारानं पाडलाय. या खंदकात बेटावरून वाहून आलेला गाळ आणि समुद्रात कोसळलेल्या कड्यांचे तुकडे साचतात आणि त्यांचं वजन परत पत्र्यावरच पडतं.

मला सगळ्यात सुंदर वाटतो तो भाग याच्या पुढचा आहे. खंदकाच्या पलीकडे, डोंगरापासून दोन-तीनशे किलोमीटरवर, समुद्रतळ किंचित वर उचललेला आहे. ताठ पत्रा मधे दाबला की लांबवर थोडा फुगतो. ज्या ओआहू बेटावर होनोलुलू शहर आहे ते या फुगवट्याच्या बाजूला येतं, आणि तिथं सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या प्रवाळाचा चुनखडक आज पाण्याच्या वर उघडा पडलेला दिसतो. एकाच द्वीपमालेत मोठं बेट बुडतंय आणि त्याच्या भारानं दूरचं बेट तसूभर उचललं जातंय. प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटाच्या ईशान्येला मकाटेआ नावाचं एक प्रवाळबेट आहे. बाकीची प्रवाळबेटं पाण्याला टेकलेली असतात, आणि याला मात्र चहूबाजूंनी उभे कडे. तिथे १९६६ पर्यंत फॉस्फेटच्या खाणी चालायच्या. ते एवढं उंच का, याचं उत्तर १९७८ साली मार्शा मॅकनट आणि हेन्री मेनार्ड यांनी मांडलं. ताहितीसारख्या तरुण ज्वालामुखींच्या भारानं शेजारचा तळ फुगला आणि जुनं बेट वर आलं.

निशिगंधा, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण हवाईत दोन्ही गोष्टी एकत्र घडतात. हवाईच्या वायव्य बाजूला समुद्रात प्रवाळाच्या पायऱ्या आहेत, दीडशे मीटरपासून हजार मीटरच्याही खाली. प्रवाळ उथळ, उजेडाच्या पाण्यातच भिंत बांधतो. हजार मीटरवर काळोख असतो. म्हणजे या पायऱ्या उथळ पाण्यात बांधल्या गेल्या आणि मग बेटाबरोबर खाली गेल्या. त्यांची वयं काढली तेव्हा चार-पाच लाख वर्षांचा सरासरी वेग आला, वर्षाला सुमारे अडीच मिलिमीटर. आणि प्रत्येक पायरी बुडायची वेळ बघितली तर ती हिमयुग संपून पाणी भराभर चढण्याची. जमीन खाली जाते आणि पाणी वर येतं, असं दुहेरी झालं की प्रवाळाला ते गाठता येत नाही. तीस वर्षांत साडेसात सेंटीमीटर, म्हणजे माझ्या सगळ्या नोकरीत एक वीतही नाही. पण थांबत मात्र नाही.

आणि दादा, पत्रा वाकताना कुरकुरतो. १५ ऑक्टोबर २००६ ला हवाईत ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे ३९ किलोमीटर खोल. ९ फेब्रुवारी २०२४ ला ५.७ चा, ३७ किलोमीटर खोल. दोन्ही भूकंप कुठल्या ज्वालामुखीच्या उद्रेकानं झाले नव्हते. बेटांच्या ओझ्यानं वाकलेल्या पत्र्यातला ताण मोकळा झाला. वाकतोही आणि फुटतोही, तुमचं आणि माझं दोघांचंही खरं ठरतं.

हे सगळं कळलं कसं, याची सुरुवात आपल्या देशात आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एकोणिसाव्या शतकात भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी चालली होती. आपल्या शेजारच्या बिदरजवळच्या दामरगिद्द्यापासून ती रेघ उत्तरेला सिरोंजजवळच्या कल्याणपूरला, आणि तिथून मुजफ्फरनगरजवळच्या कलियानापर्यंत गेली. शेवटच्या दोन ठिकाणांमधलं अंतर जमिनीवरून मोजलं तर एक यायचं, ताऱ्यांवरून काढलं तर दुसरं. फरक कोनात ५.२३ सेकंद, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर. ताऱ्यांची मोजणी ओळंब्याच्या भरवशावर असते, आणि हिमालय आपल्याकडे ओळंबा ओढतोय हे लक्षात आलं. तेव्हा कलकत्त्याला असलेले जॉन प्रॅट नावाचे पाद्री बसून हिशेब करू लागले, की हिमालयाएवढा दगड ओळंबा किती ओढेल? उत्तर आलं जवळजवळ १६ सेकंद, प्रत्यक्षाच्या तिप्पट. एवढा मोठा डोंगर एवढं कमी कसं ओढतो? १८५५ मध्येच लंडनहून जॉर्ज एअरी यांनी सुचवलं, की डोंगराच्या खाली हलक्या दगडाचं मूळ खोल गेलेलं असणार. पाण्यात तरंगणाऱ्या लाकडांच्या तराफ्यात एखादा ओंडका इतरांपेक्षा वर दिसला तर तो खालीही तितकाच जास्त बुडालेला असतो, तसं.

एअरींच्या चित्रात प्रत्येक ओंडका सुटा आहे. तसं असतं तर हवाईचा खड्डा फक्त हवाईच्या खालीच पडला असता. पुढं फेलिक्स वेनिंग माइनेझ या डच शास्त्रज्ञांनी पाणबुडीत बसून समुद्रावरचं गुरुत्व मोजलं. जहाज हलतं, पाण्याखाली पाणबुडी शांत असते, म्हणून पाणबुडी. त्यांनी १९३१ च्या सुमारास मांडलं की ओझं सुट्या ओंडक्यावर नाही, एका सलग ताठ पत्र्यावर बसतं, आणि तो पत्रा ते ओझं शेकडो किलोमीटरवर वाटून देतो. तुमच्या प्रश्नाचा गाभा हा आहे.

सोलापूरचं आणि किल्लारीचं वेगळं लिहिते. चष्मा बदलून घेते.


पीवे_निवृत्त_कुर्डुवाडी

बाईंचं वाचलं आणि राहवलं नाही. मी रेल्वेच्या रुळावर चौतीस वर्षं होतो, आधी गँगमध्ये, नंतर की-मन, शेवटी मेट, म्हणजे गँगचा मुकादम. तुम्ही जे पत्र्याचं सांगता ते आम्ही रोज बघायचो.

इंजिनाचं चाक रुळावर आलं की रूळ त्या जागी दबतो, स्लीपर खडीत बसतो. हे सगळ्यांना दिसतं. पण आमच्या जुन्या मेटनं मला पहिल्याच वर्षी शिकवलं, की चाकाच्या पुढं बघ, चाकाखाली बघू नको. चाक येण्याच्या थोडं आधी, काही फुटांवर, रूळ केसभर उचलला जातो. खडीचं पॅकिंग नीट असलं तर डोळ्याला कळत नाही. जिथं पॅकिंग सैल, स्लीपर लोंबतोय, तिथं पावसाळ्यात चिखल साचला की दिसतं. गाडी यायच्या आधी स्लीपरच्या कडेचं पाणी हलतं, खाली ओढलं जातं. मग चाक येतं, स्लीपर दाणकन बसतो आणि पाणी बाहेर उडतं. माढ्याच्या बाजूला एक असा तुकडा होता, तिथं मी पावसात उभा राहून हे कितीदा बघितलंय.

लांबचा रूळ उचलला जातो कारण रूळ सलग आणि ताठ आहे. तुकड्या-तुकड्याचा असता तर फक्त चाकाखालचा तुकडा दबला असता. बेटाचं तेच आहे ना बाई?


बोअरगाडी_सोलापूर

बाई, काका, दोघांना हात जोडून नमस्कार. डांबराचं एकदम पटलं, बोअर झाल्यावर गाडीखाली सांडलेलं ग्रीससुद्धा तसंच वागतं. रुळाचं वाचून तर मी आमच्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

एक अडतंय. बेट लाव्ह्यानं वाढतं, जड होतं, खाली जातं, कळलं. पण वाढ थांबल्यावर? मग खाली जायचंही थांबतं का?


सोलापूरकर_पोर्ट_लुईस

मी मूळ साखर पेठेतला, कापडाच्या कारखान्यात नोकरी म्हणून सहा वर्षं मॉरिशसमध्ये आहे. इथं पिढ्यान्पिढ्यांची मराठी घरं आहेत, गणपतीला आरती ऐकायला मिळते. तुमचा शेवटचा प्रश्न मला रोज खिडकीतून दिसतो म्हणून लिहितोय.

मॉरिशसही ज्वालामुखीचंच बेट, पण आता इथं काही फुटत नाही. डोंगर झिजून सुळके उरलेत. किनाऱ्यावर उभं राहिलं की जवळचं पाणी फिकट हिरवं, गुडघाभर, आणि लांब एक पांढरी रेघ, जिथं लाटा फुटतात. ती प्रवाळाची भिंत. जवळजवळ सगळ्या बेटाभोवती आहे. शेजारचं रियुनियन मात्र उंच, काळं, आणि तिथला ज्वालामुखी वरचेवर फुटतो. इथले लोक सांगतात, रियुनियन धाकटं आणि आमचं थोरलं. डार्विन १८३६ मध्ये या बेटावर येऊन गेला होता, प्रवाळाचं त्याचं पुस्तक त्यानंतरचं आहे. बाई जास्त सांगतील.


भूशास्त्राच्या_बाई

कुर्डुवाडीच्या काकांना आधी उत्तर देते. काका, नुसतं तसं नाही, समीकरणच एक आहे. लवचीक आधारावर टेकलेल्या सलग पट्टीचं गणित एमिल विंक्लर या अभियंत्यानं १८६७ साली मांडलं, आणि रुळाचा हिशेब आजही त्याच वाटेनं होतो. तुमच्याकडे खाली खडी आहे, इथं सरकणारं प्रावरण. पट्टीवर एका रेषेत ओझं ठेवलं तर बाजूचा फुगवटा मधल्या खड्ड्याच्या साधारण चार टक्के येतो. रूळ दोन मिलिमीटर दबला तर फुगवटा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे तुमच्या मेटनं सांगितलेलं केसभर अगदी नेमकं आहे. मी हे फळ्यावर वर्षानुवर्षं सोडवलं, पण स्लीपरच्या कडेचं पाणी आधी ओढलं जातं हे मला ठाऊक नव्हतं. फार दिवसांनी काहीतरी नवीन शिकले.

आता दादांचं. वाढ थांबली की ओझं वाढायचं थांबतं, त्यामुळं तो वेगानं दबण्याचा भाग संपतो. पण बेट ज्या समुद्रतळावर बसलंय तो तळ गरम जागेपासून, म्हणजे जिथं खालून लाव्हा वर येतो तिथपासून, दूर जाता जाता निवतो, निवला की आकसतो आणि खोल जातो. वरून पाऊस आणि लाटा बेट झिजवतात. म्हणून जुनं बेट हळूहळू बुडतच राहतं, फक्त कारण बदलतं. प्रवाळ मात्र वर वर बांधत राहतो. आधी किनाऱ्याला चिकटलेली भिंत, मग मधे पाणी असलेली भिंत, आणि शेवटी डोंगर दिसेनासा होऊन नुसतं कंकण. हे डार्विननं १८४२ मध्ये लिहिलं. त्याची खात्री पटायला एकशेदहा वर्षं लागली, आणि दादा, ती तुमच्याच धंद्यानं पटवली. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक या कंकणावर बोअर घेतला. बाराशे मीटरच्या वर नुसता प्रवाळाचा चुनखडक, आणि मग खाली बासाल्ट लागला. तुमचा काळा पाषाण.

मॉरिशसच्या दादांनी रियुनियनचं नाव काढलं म्हणून बरं झालं, कारण तो सोलापूरचाच धागा आहे. आज ज्या गरम जागेवर रियुनियन आहे, त्याच जागेवर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भूभाग होता, आणि तेव्हा दख्खनचा लाव्हा आला. मग भारताचा पत्रा उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे माग सोडत गेला. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस, शेवटी रियुनियन. लक्षद्वीपच्या कंकणांखाली बुडालेला डोंगर आणि तुमच्या हॅमरखालचा पाषाण एकाच चुलीवरचे. हवाईचं चित्र जसंच्या तसं सगळीकडे लागू होत नाही, हेही इथंच सांगते. रियुनियनखाली भूकंपलहरींनी पाहिलं तेव्हा पत्रा अपेक्षेपेक्षा फारच कमी वाकलेला निघाला. खाली चिकटलेला हलका दगड त्याला उचलून धरत असावा असं मानतात.

मग सोलापूर किती दबलं? बेटाचं ओझं टाचेसारखं एका जागी पडतं. आपल्याकडचं ओझं सतरंजीसारखं पसरलेलं, आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर. एवढ्या रुंद ओझ्याखाली ताठपणा कामाला येत नाही, पत्रा सरळ खाली बसतो, एअरींच्या ओंडक्यासारखा. बासाल्ट पाण्याच्या २.९ पट जड, प्रावरणाचा दगड ३.३ पट. या दोघांचा भागाकार करा. एक हजार मीटर लाव्हा पसरला तर जमीन सुमारे ८८० मीटर खाली बसते आणि उंची वाढते ती फक्त १२० मीटर. हा कागदावरचा सरळ हिशेब आहे. प्रत्यक्षात खालून उष्णतेनं आलेला उचल आणि नंतरची झीज त्यात मिसळलेली आहे. पण मोजमाप लक्षात घ्या. कोयनेला शास्त्रज्ञांनी बोअर घेतला तेव्हा सुमारे ९३० मीटरवर बासाल्ट संपला. भूकंपानंतर किल्लारीला घेतला तेव्हा ३३८ मीटरवरच संपला, म्हणजे अकराशे फूट, आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा फार जुना खडक लागला. पश्चिमेकडून पूर्वेला सतरंजी पातळ होत जाते. तुमचे ६४० फूट तिच्या आतच आहेत.

किल्लारी. त्या पहाटे मीही रस्त्यावर होते, शेजारच्या आजींचा हात धरून, त्यामुळं हे सांभाळून लिहिते. तो भूकंप लाव्ह्याच्या ओझ्यानं झाला असं म्हणता येत नाही. ते ओझं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच बसलं आणि स्थिरावलं. भारताचा पत्रा उत्तरेला हिमालयावर रेटला जातोय, त्या रेट्यानं सगळा पत्रा आवळला गेलाय, आणि आत जुन्या भेगा आहेत. अशा एका भेगेनं त्या दिवशी दम सोडला. वाकण्याचा संबंध थोडा आहे, पण तो हिमालयाचा. हिमालय हेही एक अवाढव्य ओझं आहे. त्याच्या पायथ्याशी गंगेचं मैदान म्हणजे गाळानं भरलेला खंदक, आणि मध्य भारतात त्याचा फुगवटा. आपल्याकडच्या भूकंपांशी ही वाकण जोडून पाहणारे शास्त्रज्ञ आहेत. किल्लारीच्या एका पहाटेवर तिचं नाव मी लिहिणार नाही.

एक मागणं आहे. तुम्ही जिथं जिथं बोअर घ्याल तिथं तांबडा पट्टा किती फुटांवर लागला ते लिहून ठेवा, आणि मोबाइलवर त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची बघून शेजारी लिहा. चुऱ्याची एक पुडीही ठेवा, वर गावाचं नाव घालून. तांबडे पट्टे बरेच असतात. इथला आणि तिथला एकच, असं पटकन म्हणता येत नाही. पण जवळजवळचे शंभर बोअर झाले तर थर कुठल्या बाजूला कलले आहेत ते कदाचित दिसू लागेल. माझ्या एकतीस वर्षांत असं टिपण मला कुणी दिलं नाही.


बोअरगाडी_सोलापूर

बाई, वही घेतली. दोनशे पानी. गाडीवरच्या पोराला सांगितलंय, तांबडा दिसला की हाक मारायची.

आज सकाळी वळसंगच्या पुढं एक बोअर झाला. माती चार फूट, मुरूम पस्तीस, केसिंग चाळीस. पहिला तांबडा १८० ला, दोन फूट. दुसरा ४१५ ला, हा जाड, साडेचार फूट, आणि त्याच्या खालचा काळा चुरा हाताला जरा मऊ लागला. पाणी पाऊण इंच. जागेची उंची मोबाइलवर बघून लिहिलीय. दोन्ही पुड्या बांधून ठेवल्यात, रविवारी आणून देतो.